दरफाळणीच्या दिवशी बेल्ह्याला

दार उघडत नव्हतं आणि माझा भाऊ शमुवेल भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली सरकत होता. ऊन डोक्यावर आलं होतं. दारावर झेंडूचं ताजं तोरण होतं, कारण त्या दिवशी दसरा होता. शमूचा पांढरा सदरा घामानं चिकटला होता, पण हात लावला तर अंग गार. ओठ पांढरे. मी हाक मारली तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, दिवा लावलास का?" आमची आई जाऊन चाळीस वर्षं झाली.

मी दार ठोकलं. आधी हाताने, मग चपलेने. आत माणसं होती. बांगड्या वाजल्या, कुणी तरी कुजबुजलं. मी ओरडून सांगितलं की इथे माणूस मरतो आहे. दाराखाली बोटभर फट होती आणि तिच्यातून मला म्हाताऱ्या बाईचे दोन पाय दिसत होते. पाय दाराशीच उभे होते आणि हलत नव्हते.

हे बेल्हे गावाबाहेरच्या एका वस्तीवर झालं. तिथे आम्ही का गेलो ते सांगते.

मी दिमोन्याला राहते. दिमोना इस्राएलमध्ये आहे, वाळवंटात, आणि तिथल्या काही गल्ल्यांत सकाळी मराठीच ऐकू येतं. आम्ही बेने इस्राएल. कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणायचे, कारण आम्ही तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवायचो. माझी शाळा रेवदंड्याला चौथीपर्यंत झाली, पुढे चूल. लिहायची मला सवय नाही, पण बेल्ह्याकडे गेलेलं माणूस आमच्यात दुसरं कुणी नाही, म्हणून लिहिते.

आमच्या तिश्री महिन्याच्या दशमीला किप्पूर येतो. तो पापं झाकायचा दिवस. तुमचा आश्विन आणि आमचा तिश्री बहुतेक एकाच चंद्रावर चालतात, त्यामुळे कधी कधी किप्पूर आणि दसरा एकाच दिवशी पडतात. दिवस एक, पण चाल उलटी. तुम्ही दाराला तोरण बांधून दार उघडं टाकता, आम्ही दार लावून घेतो. म्हणून कोकणात या दिवसाला आम्ही दरफाळणी म्हणतो. आदल्या सूर्यास्तापासून अन्न नाही, पाणी नाही, अंगावर मेलेल्या माणसासारखे पांढरे कपडे. जुन्या लोकांत परक्याला शिवायचं नाही आणि दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, असा कडक नेम होता. दुसऱ्या दिवशी शिळा सण. तेव्हा दारं उघडायची, शेजाऱ्यांकडे जायचं, गरिबाला दान द्यायचं. दरफाळणीला कुणी मागायला आलंच, तर आतूनच म्हणायचं, उद्या या.

शमू तरुणपणी जुन्या आंबेगावात दवाखान्यात कंपाउंडर होता. मी तेव्हा कोकणात, माझ्या सासरी. दरफाळणीच्या सकाळी एक मेंढपाळ बाई त्याच्या दाराशी आली. नदीकाठी त्यांच्या मेंढरांचा वाडा उतरला होता. तिच्या पोराला पान लागलं होतं, म्हणजे साप चावला होता. डॉक्टर बाहेरगावी गेलेला. सापाच्या औषधाच्या कपाटाची किल्ली शमूच्या उशाखाली. त्याने दार उघडलं नाही. आपण दार उघडलं, परक्याला शिवलो, तर घरादाराचा वर्षभराचा दिवस मोडतो, असं त्याला शिकवलेलं होतं, आणि दुसरं काही शिकवणारा त्या डोंगरात कुणी नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे तो किल्ली घेऊन नदीवर धावत गेला. वाडा उठलेला. लेंड्या पडलेल्या आणि चुलीचे तीन दगड. पोर जगलं की मेलं, ते त्याला कळलंच नाही. पुढे त्याची बदली झाली, मग आम्ही सगळेच बोटीने इस्राएलला गेलो.

हे त्याने मला पस्तीस वर्षं सांगितलं नाही. सांगितलं ते एका किप्पूरला. किप्पूरच्या दिवशी दिमोन्यात रस्त्यावर एक मोटार नसते. मुलं हमरस्त्यावर मधोमध सायकली चालवतात, सगळं गाव पांढऱ्या कपड्यांत पायी फिरतं, जागेपणी स्वप्न बघावं तसं दिसतं. त्या शांततेत एक ॲम्ब्युलन्स गेली. आत प्रार्थनेची शाल पांघरलेला दाढीवाला बसला होता. शमूने आमच्या प्रार्थनाघरातल्या म्हाताऱ्याला विचारलं, हे चालतं का? म्हातारा म्हणाला, चालतं काय विचारतोस, करावंच लागतं. जीव वाचवायला दिवस मोडायचा असतो. चालतं का म्हणून विचारत बसणारा रक्त सांडतो.

शमू घरी आला, भिंतीकडे तोंड करून निजला आणि तसंच पडून त्याने मला आंबेगावचं ते सांगितलं.

हिब्रू मी पन्नाशीनंतर शिकले, म्हणजे भाजीबाजारापुरती. त्या भाषेत माफीला 'सलिहा' म्हणतात. बसमध्ये कोपर लागलं तरी सलिहा, आणि देवापुढे छातीवर मूठ मारतानाही तोच शब्द. एवढा स्वस्त शब्द मला आधी पटला नव्हता. पश्चात्तापाला 'तेशुवा' म्हणतात, पण तेशुवा म्हणजे नुसतं रडणं नाही, तेशुवा म्हणजे परत येणं. आमच्या कोकणात प्रायश्चित्त म्हणजे मुंडण करा, गोमूत्र घ्या, जातीला जेवण घाला, झालं, असं मी शेजारी बघितलं होतं. आमच्या धर्मात तसं सुटत नाही. देवाचं केलेलं वाईट देव माफ करतो. माणसाचं केलेलं देव माफ करत नाही, त्याचा तो अधिकारच नाही. त्या माणसाकडे जायचं आणि मागायचं. नाही म्हणाला तर पुन्हा जायचं. तीन वेळा.

सतरा दिवसांनी शमू म्हणाला, मला जायचं आहे. मी म्हटलं, ती बाई कोण, नाव काय, जिवंत आहे का, काही ठाऊक आहे का तुला? त्याला एवढंच ठाऊक होतं की तिच्या नवऱ्याला गेनू म्हणून हाक मारत. पुढच्या वर्षी नव्या वर्षाचा सण झाला आणि आम्ही निघालो. मी गेले, कारण त्याला साखरेचा आजार आहे आणि गोळ्या घ्यायचं तो विसरतो.

माळशेजवरून आळेफाट्याला

कल्याणहून बसने माळशेज घाट चढलो. घाटात धुकं इतकं होतं की ड्रायव्हर खिडकीतून मान काढून चालवत होता. मध्येच धुकं फाटायचं आणि सोनकीच्या फुलांनी पिवळा झालेला उतार दिसायचा, की पुन्हा सगळं पांढरं. तीस वर्षं वाळवंट बघितलेल्या डोळ्यांना ते खरं वाटेना. शमू झोपेत असल्यासारखा काचेला कपाळ लावून बसला होता.

आळेफाट्याला ट्रकच ट्रक. लॉजवर उतरलो. खाली हॉटेलात मासवडी मिळते असं मालकाने सांगितलं आणि शमू ताटावरून उठायला लागला, कारण मांस आमच्यात आमच्या रीतीने कापलेलं असेल तरच चालतं. मालक हसला. म्हणाला, "बाबा, बेसनाची वडी हाय ती. आत खोबरं आन् तीळ. मासा न्हाई, मटण न्हाई." शमूला खात्री पटेना म्हणून मालकाने त्याला स्वैपाकघरात नेऊन वडी थापताना दाखवली. रस्सा असा तिखट की शमूच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी दोन ताटं खाल्ली. दिमोन्यात सगळं मिळतं, पण तोंड भाजत नाही.

डिंभ्याचं पाणी

दुसऱ्या दिवशी मंचर, घोडेगाव करत डिंभ्याला गेलो. जुनं आंबेगाव आता नाही. घोड नदीवर धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. हे आम्हाला घोडेगावच्या स्टँडवर कळलं. शमू बाकावर बसला आणि बराच वेळ उठला नाही.

धरणाजवळ चहाची टपरी होती. टपरीवाला कोंडीभाऊ जुन्या आंबेगावचाच निघाला. पन्नाशी ओलांडलेला, बारीक, बोलका. शमूने आपण कोण ते सांगितल्यावर त्याने कपाळावर हात मारला.

"तुमी कंपौंडर? आरं देवा. दसऱ्याला आमी सोनं लुटायचो आन् तुमचं नवरा-बायकोचं दार बंद. आमाला वाटायचं सुतक हाय."

शमू हसला नाही. मी गेनूबद्दल विचारलं. कोंडीभाऊला ठाऊक होतं. दर साली कोकणात उतरताना त्यांचा वाडा आंबेगावाला थांबायचा, त्याच्या बापाने गेनूकडून घोंगडी घेतली होती. ती माणसं बेल्ह्याची. गेनू गेला, त्याची बायको ठकूबाई अजून आहे, वस्तीवर राहते. पोराचं काय, असंही मीच विचारलं. "पोरं लई व्हती त्यांची," तो म्हणाला. "तुमी कंचं म्हनता?" शमूने माझ्या हातावर हात ठेवला. त्याला टपरीवर कळायला नको होतं.

कोंडीभाऊची होडी होती, पलीकडच्या वाड्यांतली माणसं ने-आण करायची. शमू म्हणाला, मला गावावर न्या. कोंडीभाऊला त्यात नवल वाटलं नाही. म्हणाला, बरेच जण जातात, एका म्हातारीला तर मी दर अमावस्येला नेतो, ती पाण्यात भाकर सोडते.

पाणी काठोकाठ होतं. डोंगर उलटे होऊन पाण्यात निजले होते आणि आम्ही त्यांच्या माथ्यांवरून चाललो होतो. वल्ह्याचा आवाज सोडला तर काही नाही. कोंडीभाऊ डोंगरांकडे बघत होडी फिरवत होता. हा सुळका त्या खिंडीशी आला की खाली मारुतीचं देऊळ, असं म्हणाला, मग बाजारपेठ, मग पिंपळ. बाजारपेठेवरून आम्ही हळूहळू गेलो. मला खाली काही दिसलं नाही, हिरवट काळोख तेवढा. पण शमूला दिसत होतं. इथे सोनाराचं दुकान, असं म्हणायचा, इथे पायऱ्या. मग म्हणाला, "बाय, हे दार."

त्याने हात पाण्यात कोपरापर्यंत घातला. चेहरा असा झाला होता की मला भीती वाटली, हा आता उतरून जाईल. मी म्हटलं, "हात आत घे शमू, होडी कलतेय." त्याने घेतला. बाही निथळत होती. परत काठाला येईपर्यंत त्याने ती पिळली नाही.

कोंडीभाऊच्या बायकोने नागलीची भाकर आणि ठेचा दिला. तिला आमच्या येण्याचं कारण कळलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "आन् ती म्हातारी न्हाई म्हनली तर?" मी सांगितलं, मग पुन्हा विचारायचं. ती म्हणाली, आमच्यात पुन्हा विचारायला गेलं की भांडण होतं.

बेल्हे

बेल्ह्याला पोचलो त्या दिवशी गुरांचा बाजार होता. बैलांच्या शिंगांना रंग, टेम्पोत चढायला नाही म्हणणाऱ्या म्हशी, धुरळा उन्हात सोन्यासारखा थांबलेला. व्यापारी उपरण्याखाली बोटं धरून भाव करत होते. शमू त्या गर्दीतून खाली बघत चालला होता. मला वाटलं शेणातून पाय वाचवतो आहे. मग लक्षात आलं, तो माणसांच्या घोट्यांकडे बघत होता. चाळिशीच्या आसपासचा पुरुष दिसला की त्याच्या पायाकडे. सापाचा दात लागलेला पाय कसा दिसतो ते मला ठाऊक नाही, त्यालाही असेल असं वाटत नाही. पण दोन तास तो पाय बघत फिरला. एकाने विचारलं, "काय हरवलं का पावणं?" शमू म्हणाला, हो.

ठकूबाईची वस्ती बाजारापासून कोसभर. बाजरी कापलेली, कणसांचे ढीग, एका बाजूला काट्यांच्या कुंपणात कोकरं. ओट्यावर एक म्हातारी कांदे निवडत होती. बुटकी, हाडापेराने मजबूत, डोक्यावर पदर. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी असेल. "कोन गावचं पावणं?" तिने विचारलं. मी शमूला वाटेत बजावलं होतं की आधी बसू नकोस, पाणी घेऊ नकोस, उभ्याने सांग. त्याने उभ्याने सांगितलं.

"मी आंबेगावच्या दवाखान्यातला कंपाउंडर."

कांदा तिच्या हातातच राहिला. "त्योच?"

"तोच. मी चुकलो. माफी मागायला आलो."

आमच्या किप्पूरच्या प्रार्थनेत सगळी पापं 'आम्ही' म्हणून कबूल करायची असतात. आम्ही चोरलं, आम्ही खोटं बोललो, आम्ही मन कठोर केलं. मला ते नेहमी सोयीचं वाटत आलं आहे, गर्दीत चोर लपतो तसं. शमू त्या ओट्यासमोर 'मी' म्हणाला, हे मी ऐकलं.

म्हातारीने कांदा टोपलीत ठेवला, हात पदराला पुसले, उठून आत गेली आणि कडी लावली. आतून आवाज आला. रागाचा नाही, नुसता सांगितल्यासारखा.

"उद्या या."

शमूच्या तोंडावरचा रंग उडाला. मला विचारायची गरज पडली नाही. परतताना त्यानेच सांगितलं की तोही एवढंच म्हणाला होता. बाई बाहेरून पोराचं नाव घेऊन रडत होती, आणि त्याच्या तोंडातून भिकाऱ्याला सांगायचं तेच निघालं. पोराचं नाव खंडू.

आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. तिने आम्हाला बांधावरून येताना बघितलं आणि आम्ही अंगणात पोचायच्या आत कडी वाजली. उद्या या. तिची सून बाहेर राहिली होती. तिला लाज वाटत होती. ती आम्हाला चहा विचारणार, तोच आतून म्हातारी खाकरली आणि सून कोकरांकडे निघून गेली. मी तिला गाठून विचारलं, खंडू नावाचा मुलगा आहे का घरात? ती म्हणाली, "माझ्या मालकांचं नाव बाळू. बाकीचं आत्याबाईंनाच इचारा."

त्या संध्याकाळी किप्पूर लागत होता. किप्पूरला वाहनात बसायचं नाही, म्हणून आळेफाट्याला परत न जाता बेल्ह्यातल्या एका हॉटेलवाल्याची मागची खोली घेतली. सूर्य असताना चपात्या आणि बटाट्याची भाजी खाल्ली, मेणबत्ती लावली. हॉटेलवाला डोकावून म्हणाला, लाईट हाय की आजी. शमूने पांढरे कपडे घातले आणि पश्चिमेकडे तोंड करून प्रार्थना म्हटली. यरुशलेम इथून पश्चिमेला. मोठी प्रार्थना दहा पुरुष जमल्याशिवाय करता येत नाही, तिथे तो एकटा होता. मी खाटेवर पडून ऐकत होते. बाहेर दसऱ्याच्या तयारीला पोरं ढोल वाजवून बघत होती. हिब्रू आणि ढोल एकात एक मिसळले आणि मला अर्ध्या झोपेत वाटलं की आपण रेवदंड्याला आहोत आणि आई दारं लावते आहे.

मी स्वतः पाणी पिते. माझं आणि देवाचं ते आधीच बोलून झालेलं आहे.

सकाळी आम्ही चालत निघालो. किप्पूरला चामड्याचं पायात घालायचं नाही, म्हणून शमूच्या पायात कापडी बूट. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, पांढरी टोपी. चावडीवरच्या एकाने विचारलं, "राव, निवडणूक लागली का?" रस्त्याने झेंडूच झेंडू. प्रत्येक दाराला तोरण, मोटारसायकलींना हार, ट्रॅक्टरच्या नाकाला कुंकू. सगळी दारं सताड उघडी. लोक एकमेकांना आपट्याची पानं देत होते, वर्षभर न बोलणारीही त्या दिवशी देतात म्हणे. आमच्याकडेही येत होते. शमू परक्याला शिवायला नको म्हणून हात मागे घेत होता, म्हणून त्याची पानं मीच घेत गेले. माझी ओंजळ भरली.

त्या सगळ्या गावात एकच दार बंद होतं. तोरण होतं, पण कडी लावलेली.

शमू दारासमोर उभा राहिला आणि तिसऱ्यांदा म्हणाला. या वेळी त्याने सगळं सांगितलं. किल्ली उशाखाली होती, हे. त्याची बायको लेया उघडा म्हणाली होती आणि त्यानेच तिचा हात धरला, हेही. मला ते तिथेच पहिल्यांदा कळलं. आतून काही आलं नाही, उद्या या देखील नाही. मी म्हटलं, तीन झाले, तुझं सुटलं, धर्मात एवढंच आहे, चल. तो म्हणाला, "ती बोलेपर्यंत मी बसतो." आणि ओट्यावर बसला.

ऊन चढलं. दसऱ्याचं ऊन वाईट. कोकरं ओरडत होती, लांबून ढोल येत होता, कापलेल्या बाजरीवर हवा पाण्यासारखी हलत होती. मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा शमू भिंतीवरून सरकत होता. मी त्याचा खिसा चाचपला. गोळ्यांच्या पाकिटात सकाळची गोळी नव्हती. एरवी विसरणारा माणूस, त्या दिवशी उपाशीपोटी, पाण्याशिवाय, साखर उतरवणारी गोळी गिळून आला होता.

मग मी दार ठोकलं, ते सुरुवातीला सांगितलं आहे.

ते पाय दाराशी किती वेळ उभे होते ते मला सांगता येणार नाही. मग ते दिसेनासे झाले. मला वाटलं, गेली. आत भांडं वाजलं. मग कडी निघाली.

ठकूबाईच्या हातात पितळेची लोटी होती. गुळाचं पाणी. तिला साखर बिखर काही ठाऊक नव्हतं, दाराशी आलेल्याला त्यांच्यात गूळपाणीच देतात. ती खाली बसली, शमूची मान आपल्या मांडीवर घेतली आणि लोटी ओठाला लावली.

"पी," ती म्हणाली.

शमूने तोंड फिरवलं. एवढा बेशुद्धीत, तरी दात मिटून घेतले. "किप्पूर," असं काही तरी म्हणाला.

मी त्याच्या कानाशी वाकले. "शमू, तेव्हा दार उघडलं नाहीस. आता तोंड तरी उघड."

त्याने माझ्याकडे बघितलं. या वेळी आई म्हणून नव्हे, मला ओळखून. मग तोंड उघडलं. तिने लोटी हळूहळू रिकामी केली, आणि सुनेला दुसरी आणायला सांगितली. ती पण तो प्याला. गूळपाणी हनुवटीवरून पांढऱ्या सदऱ्यावर सांडत होतं आणि ती ते पदराने टिपत होती.

त्याचे डोळे स्थिर झाल्यावर ती बोलायला लागली. त्याच्याकडे न बघता, कोकरांकडे बघत.

"पानी मागत व्हता. सारखा पानी मागत व्हता. पान लागल्याला पानी देऊ नगा, लोक म्हनले. म्या न्हाई दिलं."

सुनेने तोंडाला पदर लावला. मला वाटतं तिनेही हे पहिल्यांदाच ऐकलं असावं.

बाळूने टेम्पो काढला. शमू सूर्यास्ताच्या आत टेम्पोत बसला, किप्पूरच्या दिवशी. निघताना सुनेने मला आणि त्याला आपट्याची पानं दिली. शमूने हात पुढे करून घेतली. तिने म्हातारीला विचारलं, "आत्याबाई, तुमी देता का सोनं?" म्हातारी म्हणाली, "त्यांच्यात नसंल." मग टेम्पोच्या फळीला हात लावून शमूला म्हणाली, "आता येऊ नगा."

आळेफाट्याच्या डॉक्टरने सलाईन लावली. म्हणाला, अजून थोडा वेळ गेला असता तर हाती लागले नसते.

ती माफी होती का, यावर आम्हा दोघांचं अजून भांडण होतं. शमू म्हणतो, होती. उद्या या म्हणणाऱ्या बाईने येऊ नका म्हटलं, म्हणजे हिशेब मिटला. मी म्हणते, तिने सांगितलं तेवढंच ऐक. तिला तुझं तोंड पुन्हा बघायचं नाही. शिळा सण आम्ही लॉजवर काढला. खाली ट्रक धुतले जात होते, आणि शमूने दिवसभर खोलीचं दार उघडं ठेवलं. त्यातून डिझेलचा वास आणि माश्या आल्या. मी लाव म्हटलं नाही.

आता दिमोन्यात किप्पूरला तो उपास धरत नाही. डॉक्टरने मना केलं आहे, आणि तो ऐकतो. दुपारी घरात बसून एक पेला गूळपाणी पितो. गूळ मी बेल्ह्याहून आणला होता, तो कधीच संपला. आता इथल्या खजुराचा पाक चालतो.

खंडू पाच वर्षांचा होता. दरफाळणीच्या दिवशी, सूर्य डोक्यावर यायच्या आत तो नदीकाठी वारला. टेम्पोत बाळूने सांगितलं. त्याला पुरलं ती जागा धरणात आहे. शमुवेल वाचला.